कुत्रा, स्टॉपर आणि १० मिलिमीटर: भोसरीतल्या एका मॅन्युअलचं प्रकरण

"संदर्भ स्थान एका खेळपट्टीने विस्थापित झाल्यास कुत्रा सुटला आहे का ते तपासा. आवश्यकता भासल्यास कुत्र्याशी जुळवून घ्या."

गेल्या पावसाळ्यात हे वाक्य भोसरी, चाकण, तळवडे इथल्या बऱ्याच व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरलं. मशीनच्या मराठी मॅन्युअलचं पान, कडेला तेलकट अंगठ्याचा ठसा, आणि खाली ज्याच्या त्याच्या सुचतील तशा कॉमेंटी. 'आमच्या गेटवरचा आधीच सुटलाय' ही त्यातली छापण्यासारखी. पान ज्या गाळ्यातून निघालं तिथे त्याच सुमारास ड्रिल थेट क्लॅम्पमध्ये घुसून तुटलं होतं. मालकांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली, भाषांतर करणाऱ्या एजन्सीचं बिल अडवलं आणि अख्खं मॅन्युअल तपासायला माझ्याकडे दिलं. यंत्रांची मराठी मॅन्युअलं तपासणं हा माझा धंदा आहे.

मालकांचा संशय बरोबर होता. अपघातामागे भाषांतरच होतं. फक्त ज्या पानावर सगळे हसले, ते पान निर्दोष निघालं.

मशीन आणि माणसं

मशीन परदेशातून आणलेलं सेकंड हँड व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीनिंग सेंटर. पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगला फेस मारायचा, भोकं पाडायची, आटे पाडायचे, हे त्याचं रोजचं काम. जुनं असल्यामुळे त्याची एक खोड आहे. वीज गेली की टेबल कुठे उभं आहे हे ते विसरतं. हल्लीच्या मशीनमध्ये अॅब्सोल्यूट एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा भाग, असतो, त्यामुळे टेबलाची जागा बॅटरीवर लक्षात राहते. इथे मात्र स्विच टाकल्यावर पहिलं काम झिरो रिटर्नचं. प्रत्येक अॅक्सिस, म्हणजे हालचालीची दिशा, आपल्या ठरलेल्या घरी जाऊन यायचा, मगच पुढचं बोलायचं.

चालवणारी मुलं लातूर, बीडकडची, आयटीआय झालेली. हुशार आहेत, पण इंग्रजी मॅन्युअल उघडून बसतील असं नाही. ते मॅन्युअल मालकांच्या कपाटात कुलपात होतं. मराठीत करून मशीनपाशी टांगावं हा मालकांचा विचार शंभर टक्के योग्य होता. एजन्सीने सुरुवातीची प्रकरणं माणसाकडून तपासून घेतली आणि शेवटची, म्हणजे बिघाड आणि दुरुस्तीची, संगणकाने जशी ओतली तशी छापली. मालकांना हे पुढे बिलावरून वाद झाला तेव्हा कळलं.

काय घडलं

गुरुवार हा वीज बंदचा वार, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. शुक्रवारी सकाळी मशीन चालू झालं, झिरो रिटर्न झाला, पहिला जॉब उतरला आणि तपासणीत आपटला. भोकं एक्स दिशेला सरकली होती. किती? बरोबर १० मिलिमीटर. ९.९ नाही की १०.१ नाही.

सेटर काका अनुभवी माणूस. प्रोग्रॅम पाहिला, तोच होता. जॉब धरून ठेवणारा व्हाइस हलला का पाहिलं, तसं वाटेना. मग टांगलेलं मॅन्युअल काढलं आणि चौथ्या प्रकरणात झिरो रिटर्नची कृती वाचली. तिथे लिहिलं होतं, "अचूकतेसाठी स्टॉपर सैल नसल्याची खात्री करा." काकांनी खात्री केली. अॅक्सिसच्या दोन्ही टोकांना रबर लावलेले दोन ठोकळे असतात, चुकून टेबल वाहवत गेलं तर त्यावर आपटून थांबावं म्हणून. त्यांनाच सगळे स्टॉपर म्हणतात. दोन्ही घट्ट होते. म्हणजे मशीन ठीक, रात्रपाळीत कुणीतरी व्हाइस काढून बसवला असणार, असा निष्कर्ष निघाला. काकांनी जी५४ च्या ऑफसेटमध्ये, म्हणजे जॉब घरापासून किती लांब आहे हे मशीनला सांगणाऱ्या आकड्यात, १० मिलिमीटर घातले. पुढचे जॉब अचूक उतरले.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी पाऊस आला आणि वीज ट्रिप झाली. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरने नियमाप्रमाणे झिरो रिटर्न घेतला. या वेळी मशीन आपल्या मूळ घरी बरोबर गेलं. पण ऑफसेटमध्ये १० मिलिमीटरचं ठिगळ तसंच होतं. रॅपिडने, म्हणजे पूर्ण वेगाने, खाली आलेलं ड्रिल जॉबच्या जागी क्लॅम्पवर उतरलं. ड्रिल तुटलं, क्लॅम्पला खड्डा पडला, स्पिंडलचा रनआउट, म्हणजे तो फिरताना डगमगतो का ते, तपासून घ्यावा लागला. मुलगा दाराबाहेर होता आणि मशीनचं दार बंद होतं, एवढं बरं.

कुत्र्याचं पान सापडलं ते यानंतर. मशीन बंद पडल्यावर बसल्या बसल्या कुणीतरी मॅन्युअलची मागची पानं चाळली आणि फोटो काढला. हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या पानाची एवढी बदनामी झाली ते अपघाताआधी कुणी वाचलंच नव्हतं. काकांनी जे वाचलं आणि पाळलं ते चौथ्या प्रकरणातलं 'स्टॉपर'. मूळ इंग्रजी कपाटातून काढून शेजारी ठेवलं, तर दोन्ही ठिकाणी एकच शब्द: डॉग.

टेबलाच्या मागची पट्टी

हा डॉग पाहायला मी आणि काका मशीनच्या मागे गेलो. टेलिस्कोपिक कव्हर सरकवलं की टेबलाच्या कडेला एक लांब खाच दिसते. तिच्यात दोन बोल्टांनी आवळलेली बोटभर जाडीची पोलादी पट्टी, दोन्ही टोकांना उतार. तिच्यासमोर स्थिर भागावर एक लिमिट स्विच, त्याच्या नाकावर छोटी रोलर. पट्टीवर कूलंटचा चिकट थर आणि बारीक बुरा. काकांनी एलन की लावली तर एक बोल्ट अर्धा आटा सहज फिरला. खाचेत पट्टीची जुनी जागा उजळ दिसत होती, पट्टी तिच्यापासून थोडी सरकलेली.

तिचं काम असं. झिरो रिटर्नचं बटण दाबलं की टेबल वेगाने घराकडे निघतं. वाटेत पट्टीचा उतार रोलरला दाबतो, स्विच सांगतो की घर जवळ आलं, आणि टेबल सावकाश चालू लागतं. पट्टी संपते, रोलर सुटते. सुटल्यानंतर मोटरच्या एन्कोडरमधून फेऱ्यागणिक एकदा येणारी जी खूण असते, तिच्यातली पहिली खूण मिळाली की टेबल थांबतं. तो झिरो. म्हणजे अचूक जागा एन्कोडर ठरवतो, पट्टी फक्त 'आता खूण शोध' एवढं सांगते.

आता पट्टी सरकली आणि रोलर नेमकी खुणेच्या तोंडाशी सुटायला लागली, तर काय होईल? कधी ही खूण मिळेल, कधी केसभर उशीर होऊन पुढची. दोन खुणांमध्ये मोटरचा पूर्ण फेरा. या मशीनवर मोटर टेबल सरकवणाऱ्या बॉलस्क्रूला थेट जोडलेली आहे आणि स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात टेबल सरकतं ते अंतर, १० मिलिमीटर. म्हणून चूक होईल ती पुऱ्या दहाचीच. ज्याला हे माहीत आहे त्याला '१० मिलिमीटर' ऐकताक्षणी डॉग आठवतो. मॅन्युअलच्या मागच्या पानावर हेच लिहिलं होतं: घर एका पिचने सरकलं तर डॉग सैल झाला आहे का पाहा, आणि डॉगची जागा ठीक करा. पिचची खेळपट्टी झाली होती, सैल होण्याचं सुटणं झालं होतं, जागा लावण्याचं जुळवून घेणं झालं होतं. पण हसू आवरून जो कोणी मूळ शब्दाकडे गेला असता, तो पट्टीपर्यंत पोचला असता. 'स्टॉपर'वाला कुठे जाणार? त्याला तर स्टॉपर दिसत होता, घट्ट होता.

माझ्या कामात मी 'कुत्र्या'ला घाबरत नाही. तो भुंकतो. भीती 'स्टॉपर'ची असते, कारण वाक्य गुळगुळीत आहे, शब्द ओळखीचा आहे आणि त्या नावाची दुसरी वस्तू मशीनवर खरंच आहे. डॉग टेबलाला थांबवत नाही, स्विचला कळवतो. तपासणाऱ्या माणसाला 'कुत्रा' खटकला असणार, त्याने जवळचा शोभेलसा शब्द बसवला आणि पुढे गेला.

लोखंडातला डॉग

इंग्रजांनी या पट्टीला कुत्रा का म्हटलं, हे मालकांनी मला विचारलंच. उत्तर पट्टीपासून सुरू होत नाही, पकडीपासून होतं. कुत्र्याने एकदा जबडा मिटला की सोडत नाही. तसं काही घट्ट धरणाऱ्या लोखंडी आकड्याला, चिमट्याला, पकडीला इंग्रजीत पंधराव्या शतकापासून डॉग म्हणतात. शेकोटीत ओंडके उचलून धरणारा लोखंडी टेकू फायरडॉग. आपल्या रेल्वेत लाकडी स्लीपरवर रूळ धरून ठेवणारा खिळा डॉग स्पाइक, त्याच्या डोक्याला बाजूला कानांसारखे उंचवटे असतात.

लेथवर दोन सेंटरांमध्ये जॉब फिरवायचा तर त्याला मागून एक कडं आवळतात. कड्याची वाकडी शेपटी फेसप्लेटच्या खाचेत अडकते आणि जॉब फिरतो. ब्रिटिश वळणाच्या पुस्तकात हा कॅरियर, अमेरिकन पुस्तकात लेथ डॉग. आयटीआयच्या मुलांना दोन्ही माहीत असतात. त्याच्या बाहेर आलेल्या स्क्रूत बाही अडकून हात जायबंदी होऊ शकतो, म्हणून डोकं आत बुडवलेल्या स्क्रूचा सुरक्षित डॉगही मिळतो. दातात दात घालून फिरवणारा तो डॉग क्लच. त्याला घसरणं माहीत नाही. मोटरसायकलला पहिला गिअर टाकताना पायाखाली जो 'खट्' होतो, तो अशाच दातांचा. पुण्यात हा आवाज दिवसातून किती वेळा होत असेल याचा हिशोब करू नये.

पकडणारा डॉग धक्का देणारा कसा झाला, ते जुन्या प्लेनर मशीनवर दिसतं. टेबलाच्या कडेला बोल्टाने घट्ट धरलेले ठोकळे असत. स्ट्रोक संपला की ठोकळा लिव्हरला धक्का देई आणि टेबल उलटं फिरे. त्याचं नाव ट्रिप डॉग. लिव्हर गेली, लिमिट स्विच आला, ठोकळ्याचं नाव तेच राहिलं. आमची पट्टी या घराण्यातली.

एजन्सीने बिल सुटावं म्हणून एक तोडगा सुचवला होता: 'कुत्रा' असभ्य वाटत असेल तर सगळीकडे 'श्वान' करून देतो. त्यांना असभ्यपणाची तक्रार कुणी सांगितली कोण जाणे. गंमत अशी की श्वान हा संस्कृत श्वन् वरून आला आणि त्याचा इंग्रजीतला चुलतभाऊ आहे हाउंड, डॉग नव्हे. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला सर्वसाधारण शब्द हुंड होता, डॉग क्वचित दिसे. पुढे डॉगने घर बळकावलं आणि हाउंड शिकारी कुत्र्यापुरता उरला. डॉग आला कुठून, याचा पत्ता भाषातज्ज्ञांना अजून लागलेला नाही. आपल्याकडेही श्वन् मागे पडला आणि प्राकृतातल्या कुत्तावरून आलेला कुत्रा रोजच्या तोंडात बसला. पट्टी मात्र या इतिहासाने घट्ट होत नाही.

आणि यंत्रात प्राणी येणं हे काही इंग्रजांचंच वेड नाही. आपल्याही बंदुकीला घोडा असतो, तंबोऱ्याला घोडी असते, रंगारी घोड्यावर चढून छत रंगवतो. पंजाबात रहाटाचं चाक उलटं फिरू नये म्हणून जो अडसर बसवत त्याला कुत्ताच म्हणतात. तिथल्या जुन्या शेतकऱ्याला 'कुत्ता बघ' म्हटलं तर तो हसणार नाही. म्हणजे 'कुत्रा' हे भाषांतर मुळातच हास्यास्पद आहे असं नाही. भोसरीत तो शब्द त्या वस्तूला कुणी वापरत नाही, एवढाच त्याचा दोष.

त्याच मॅन्युअलमधले बाकीचे

एक शब्द दोन तऱ्हांनी बिघडलेला सापडल्यावर मी मूळ इंग्रजीत डॉग कुठे कुठे आहे ते काढलं. सगळे वेगळ्या जातीचे निघाले.

सुट्या भागांच्या यादीत 'कुत्रा बिंदू स्क्रू' होता. हा डॉग पॉइंट ग्रब स्क्रू. त्याचं टोक आटे नसलेलं, दंडगोल असतं आणि शाफ्टच्या खाचेत किंवा भोकात जाऊन बसतं. बोहरी आळीत 'डॉग पॉइंट ग्रब द्या' म्हटलं की दुकानदार साइज विचारतो, बाकी काही नाही. यादीत नाव कळलं नाही म्हणून कुणी साधा कप पॉइंट आणला तर तो शाफ्टला नुसता चावेल, खाचेत बसणार नाही.

अलार्मच्या यादीत 'राखणदार कुत्र्याचा गजर'. वॉचडॉग अलार्म. कंट्रोलरमध्ये एक टायमर असतो, चालू प्रोग्रॅमने त्याला ठरावीक वेळात पुन्हा पुन्हा हजेरी द्यायची. हजेरी चुकली की प्रोग्रॅम अडकला असं समजून टायमर यंत्रणा थांबवतो. इथे कुत्रा खऱ्या अर्थाने राखणीचाच आहे, आणि मला ते भाषांतर आवडलंही. पण स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं येतात. स्क्रीनवर जे उमटतं ते यादीत त्याच उच्चाराने सापडलं पाहिजे, म्हणून 'वॉचडॉग अलार्म'.

सुरक्षेच्या प्रकरणातलं वाक्य सगळ्यात मजेशीर: "मशीन सुरू करण्यापूर्वी सर्व कव्हरांचा पाठलाग करावा." डॉग हे क्रियापदही आहे. त्याचा एक अर्थ माग काढत जाणं, दुसरा पकडी लावून घट्ट बंद करणं, जसे जहाजावरचे पाणबंद दरवाजे करतात. तिथे लिहिलं, 'सर्व कव्हरांच्या पकडी आवळाव्यात.'

आणि मग डॉगलेग. हा मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन तपासला, कारण इथेही वाक्य गुळगुळीत होतं. सिव्हिलवाल्यांना डॉग लेग जिना माहीत असतो, अर्ध्यात वळून उलट्या दिशेने चढणारा. पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहे. सीएनसीत डॉगलेग म्हणजे जी०० चा, म्हणजे रॅपिडच्या आज्ञेचा, मोडका रस्ता. बऱ्याच मशीनवर रॅपिड मारला की एक्स आणि वाय दोघे आपापल्या पूर्ण वेगाने सुटतात. ज्याचं अंतर कमी तो आधी पोचून थांबतो, दुसरा एकटा पुढे जातो. टूल सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ रेषेत न जाता आधी तिरकं आणि मग एका अॅक्सिसला समांतर जातं. ज्याने मनात सरळ रेषा धरली त्याला वाटतं क्लॅम्प रस्त्यात नाही, आणि तो असतो. मराठीत लिहिलं होतं, "टूल जलद मार्गाने लक्ष्यापर्यंत जाते." डॉगलेग गाळूनच टाकला होता. अपघात पुढचा याच वाक्यावरून झाला असता.

मालकांचा मुलगा एमबीए करतो. त्याने त्याच्या वर्गातला डॉगही सांगितला: बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या १९७० सालच्या चौकटीतला, बाजारात वाटा कमी आणि वाढही कमी असलेला धंदा. सुरुवातीला त्या चौकोनाला 'पेट' म्हणत. वडील म्हणाले, मॅन्युअलमध्ये तो नको, ताळेबंदात आहे तेवढा पुरे.

काय लिहायचं

मालकांना शुद्ध मराठी शब्द हवा होता. 'रोधक' सुचवला गेला. रोधक म्हणजे अडवणारा, म्हणजे पुन्हा स्टॉपरच, फक्त धोतर नेसलेला. 'सूचक' अर्थाने जवळ जातो, पण लिमिट स्विचलाही सूचक म्हणता येईल, मग दोघांत गोंधळ. मी काकांना विचारलं, तुम्ही आपसांत या पट्टीला काय म्हणता?

"मॅडम, आम्ही हिला काहीच म्हणत नव्हतो," काका म्हणाले. "ती आहे हेच डोक्यात नव्हतं. पण आधीच्या कंपनीत मेंटेनन्सवाले डॉग म्हणायचे. डॉगच लिहा. आणि चित्र टाका."

हे शेवटचं वाक्य भाषांतराच्या बिलात बसत नाही, पण सगळ्यात मोलाचं होतं. शब्द कुठलाही ठेवला तरी टेबलाच्या मागे, कव्हरच्या आड असलेली पट्टी माणसाला दिसणार कशी? पानावर पट्टीचा फोटो गेला, स्विचला आणि पट्टीला वेगवेगळे बाण. खाली मजकूर असा:

"झिरो रिटर्न पूर्ण १० मिलिमीटरने चुकला तर आधी डॉग तपासा. डॉग म्हणजे टेबलाच्या मागच्या खाचेतली, लिमिट स्विच दाबणारी पोलादी पट्टी. अॅक्सिसच्या टोकाचे रबरी स्टॉपर वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही. बोल्ट सैल असेल तर आवळण्यापूर्वी मेंटेनन्सला बोलवा, पट्टीची जागा लावून घ्यावी लागते. तोवर ऑफसेट बदलू नका."

'ऑफसेट बदलू नका' मूळ इंग्रजीत नाही. मी घातलं, मालकांना सांगून घातलं. काकांना ते टोमण्यासारखं वाटेल अशी धास्ती होती. त्यांनी वाचलं, पेन मागितलं आणि 'बदलू नका'खाली रेघ मारली.

मेंटेनन्सच्या माणसाने डॉग अशा बेताने सरकवला की रोलर सुटते ती जागा दोन खुणांच्या साधारण मध्यावर यावी. म्हणजे पट्टी थोडी इकडेतिकडे झाली तरी खूण चुकत नाही. बोल्ट आवळले आणि पट्टीवरून खाचेपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की पट्टी सरकली. त्यानंतरच्या गुरुवारांनंतर झिरो आपल्या जागी येतोय. खंडेनवमीला मशीन पुसताना कुणीतरी त्या पट्टीलाही कुंकू लावलं, हे काकांनी फोटो पाठवून कळवलं.

एजन्सीचं बिल निम्म्यावर मिटलं. आता गाळ्यात बिहारची मुलं आल्यामुळे मालकांना मॅन्युअल हिंदीतही हवं आहे, आणि स्वस्त पडतं म्हणून काम त्याच एजन्सीकडे गेलं. पहिली चार प्रकरणं तपासायला माझ्याकडे आली आहेत. सोबतच्या पत्रात त्यांनी अभिमानाने लिहिलंय की या वेळी एकही हास्यास्पद शब्द नाही. खरं आहे. कुत्ता कुठेच नाही, डॉग कुठेच नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे स्टॉपर आहे. चारही प्रकरणं परत पाठवली.